सदर कर्मचारी गायक नाहीत

आमच्या सेक्शनमध्ये टपाल बघायला एक गृहस्थ होते. आता बदली होऊन ते दुसऱ्या इमारतीत गेले. हुद्द्याने आमच्यात सगळ्यांत खालचे, पण त्यांना सगळे 'साहेब' म्हणत. बाहेरून कामाला आलेला माणूस आधी त्यांच्याच टेबलासमोर जाऊन अदबीने उभा राहायचा. मग हे उठायचे, टाचा जुळवायचे आणि केबिनकडे हात करून म्हणायचे, "साहब अंदर हैं."

केबिनमधल्या अंडर सेक्रेटरींना हे फार लागायचं. एकदा त्यांनी मला विचारलं, "इनमें ऐसा क्या है, मॅडम?"

"पीठ, सर," मी म्हटलं.

थट्टा नव्हती. त्यांची पाठ खरंच बघण्यासारखी होती. सरकारी खुर्चीला टेकायची सोय असते, हे त्यांना कुणी कळवलंच नसावं. चोवीस वर्षं पलटणीत काढून नायब सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि माजी सैनिकांच्या कोट्यातून आमच्याकडे आले. जेवणाच्या सुट्टीत खिशातल्या चाकूने भाकरीचे चार सारखे तुकडे करायचे, सात मिनिटांत जेवायचे, डबा धुवायचा, फडक्याची चौकोनी घडी घालायची, आणि उरलेला वेळ खिडकीशी उभं राहून फाटकावर नजर ठेवायची. शेजारच्या टेबलावरच्या भाटिया मॅडम रोज विचारायच्या, "आज भी हमला नहीं हुआ, साहब?"

"नहीं मॅडम," ते गंभीरपणे सांगायचे.

विचारलं तेवढंच सांगायचं, हा त्यांचा नियम. एकदा वरून फोन आला. "मॅडम हैं?" म्हणून माझी चौकशी झाली. "हैं साब," असं सांगून त्यांनी फोन ठेवून दिला. वरच्या साहेबांना परत फोन करावा लागला आणि शिव्या मी खाल्ल्या. मी रागावले तर म्हणाले, "विचारलं, आहेत का. आहात की!"

आता माझ्याबद्दल. मी ग्रॅज्युएट आहे. हे मी कुठंही सांगते, मग इथं कशाला लपवू? आमच्या घरात माझ्याआधी दहावीच्या पुढं कुणी गेलं नव्हतं. वडील लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे, आई शाळेत पोरांची खिचडी शिजवायची. मी तालुक्याच्या कॉलेजातून बी.ए. झाले, केंद्राची परीक्षा दिली आणि दिल्लीला आले. लक्ष्मीबाई नगरातल्या क्वार्टरच्या दारावर मी पाटी लावली, नाव आणि पुढे बी.ए. वरच्या मजल्यावरचे बंगाली बाबू जिन्यात थांबून म्हणाले, "इस बिल्डिंग में तो सभी बी.ए. हैं, मॅडम." मी पाटी काढली नाही. त्यांच्या आजोबांनाही डिग्री होती, त्यांना काय कळणार?

साहेबांना मात्र माझ्या पदवीचं कौतुक होतं. चारचौघांत 'मॅडम', एरवी 'ग्रॅज्युएट'. "ग्रॅज्युएट, हे पत्र कुणाकडं?" "ग्रॅज्युएट, चहा सांगू?" मला ते इतकं आवडायचं, की त्यात थोडी चेष्टा असेल हे दोन वर्षं माझ्या डोक्यात आलं नाही.

पण या माणसाचं खरं नाव माझ्या ओळखीचं होतं. ते सर्व्हिस बुकात पाहिलं, जन्मगाव पाहिलं आणि मी उडालेच. मी शाळेत होते तेव्हा आमच्या भागात या नावाची एकच कॅसेट प्रत्येक टपरीवर, प्रत्येक वडापच्या जीपमध्ये वाजायची. त्यातलं एक गाणं वडिलांच्या बँडमध्ये नवरदेव पारावर आला की हमखास लागायचं. या गायकाने एका सिनेमात नायकाच्या मित्राचं कामही केलं होतं. तालुक्याच्या टुरिंग टॉकीजला आम्ही तो दोनदा पाहिला होता. मग तो माणूस गायबच झाला.

मी सर्व्हिस बुक मिटून त्यांच्या टेबलाशी गेले. "ते गायक तुम्हीच का हो?"

"होतो."

"मग गात का नाही?"

"गळा जमा केला. पलटणीतून निघताना वर्दी, बूट, कंबल सगळं जमा करायचं असतं. मी गळापण केला."

पुढं कधीतरी, टपालाला शिक्के मारता मारता, त्यांनी बाकीचं सांगितलं. एका भरती मेळाव्यात पोरांच्या करमणुकीसाठी त्यांना गायला बोलावलं होतं. गाणं झालं, टाळ्या झाल्या. "मग एका मेजरनं नुसती गंमत म्हणून माझी छाती मोजली. म्हणाला, गाण्यात वाया चालली आहे. वय एकवीस. मला वाटलं, खरंच की!" पुढं ते ड्रिलचे उस्ताद झाले. नव्या रंगरुटांना कवायत शिकवायची, म्हणजे सकाळ-संध्याकाळ मैदानाच्या या टोकाहून त्या टोकाला ओरडायचं. सात वर्षांत गळ्याचं जे व्हायचं ते झालं.

"वाईट वाटत नाही?" मी विचारलं.

"गळ्याचं नाही. सिनेमाचं वाटतं. दुसरा सिनेमा मिळाला होता. तीन दिवस शूटिंग झालं आणि चौथ्या दिवशी मी भरतीला गेलो. सांगितलंसुद्धा नाही. त्यांनी दुसरा माणूस घेऊन सगळं परत काढलं म्हणे. अर्धं काम टाकून आलेला माणूस आहे मी, ग्रॅज्युएट. पलटणीत कुणाला हे बोललो नाही."

आणि दोन वर्षांपूर्वी त्यांना फोन आला. पुण्याची एक तरुण दिग्दर्शिका मराठी सिनेमा करत होती. गोष्ट कॅन्टोन्मेंटमधल्या एका मराठी कुटुंबाची. बाप एकेकाळी गायचा, आता मुलगा फौजेत निघालाय. बापाच्या कामासाठी तिला हेच हवे होते, कारण ती लहानपणी यांची कॅसेट ऐकतच झोपायची. शूटिंग फरीदाबादला, नऊ दिवस. तारीख पंधरा दिवसांवर आली होती. तिने स्पष्ट सांगितलं होतं, पाच दिवस आधी पक्कं कळलं नाही तर नाइलाजाने दुसरा नट घेईन.

साहेब माझ्या टेबलाशी येऊन सावधान उभे राहिले. "ग्रॅज्युएट, एक अर्ज लिहून द्या. नऊ दिवस पाहिजेत."

आता इथं कुठल्याही शहाण्या माणसाने 'वैयक्तिक कामासाठी अर्जित रजा' असं लिहून दिलं असतं. आमच्या कार्यालयात लोक याच शब्दांवर लग्नं करून आलेत, घरं बांधून आलेत. पण माझ्या हातात पहिल्यांदाच असं प्रकरण आलं होतं, की ज्यात माझी डिग्री दिसणार होती. मी दोन संध्याकाळी नियमांची पुस्तकं चाळली. सरकारी नोकराने कलाकार म्हणून सिनेमात काम करायचं तर पूर्वपरवानगी लागते असा अर्थ निघू शकेल, असा एक नियम शोधून काढला. कुणीही विचारलं नसताना. मग तीन पानांची इंग्रजी टिप्पणी लिहिली. तिची सुरुवात होती, 'द अंडरसाइन्ड बिइंग अ रिनाउन्ड सिंगर'.

साहेबांनी ती वाचली. "रिनाउन्ड म्हणजे?"

"नावाजलेले."

"हे काढा."

"अहो साहेब, यानेच वजन येतं."

"तुम्ही म्हणाल तसं," ते म्हणाले आणि सही केली. मला वाटलं, मी जिंकले.

आमच्याकडे फायली आता कॉम्प्युटरवर चालतात. त्यामुळे त्या पूर्वीपेक्षा लवकर वर जातात आणि लवकर परत येतात. तिसऱ्याच दिवशी फाईल माझ्या पडद्यावर परत आली. अंडर सेक्रेटरींनी खाली एकच ओळ लिहिली होती, 'रिनाउन्ड? बाय हूम?'

मी उत्तर लिहिलं, सदर गीत पश्चिम महाराष्ट्रातील विवाहांत सर्रास वाजवले जात असे. फाईल परत. याला आधार काय? मी लिहिलं, माझे वडील बँडमध्ये होते, त्यांनी स्वतः ते वाजवले आहे. फाईल परत. सादरकर्त्या अधिकाऱ्याच्या वडिलांचे म्हणणे स्वतंत्र पुरावा कसे धरावे? हा प्रश्न रास्त होता. माझाच मला राग आला, कारण दुसऱ्याच्या फाईलवर मीही हेच विचारलं असतं.

मधल्या काळात दिवस चालले होते. साहेब रोज सकाळी फक्त माझ्याकडे बघायचे. मी मान हलवायचे. ते टपाल उघडायला बसायचे. चौथ्या सकाळी मात्र म्हणाले, "या वेळेला सांगून सोडीन म्हटलं होतं. पळून जाणार नाही. नाही झालं तर त्या बाईंना वेळेत कळवा." एवढंच बोलले, आणि मला माझी तीन पानं फाडून खावीशी वाटली.

"तुमच्याकडे ती कॅसेट आहे का?" मी विचारलं.

"आहे."

दुसऱ्या दिवशी ते कॅसेट घेऊन आले. डबीवर त्यांचा एकवीस वर्षांचा फोटो, फेटा, मिशी, सगळं. यापेक्षा मोठा पुरावा काय असणार! पण ती वाजवायची कशावर? भाटिया मॅडमच्या भावाचं करोल बागेत गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान होतं. मी मेट्रोने गेले आणि भंगारातल्या कुठल्यातरी गाडीतून काढलेला टेप, त्याला जोडायची बॅटरी आणि एक कर्णा असा संसार रिक्षात घालून आणला. फाटकावरच्या जवानाने अर्धा तास अडवलं. त्या यंत्राला वायरी लोंबत होत्या, त्याचं काय चुकलं? शेवटी साहेब खाली आले. त्यांना बघून जवानाने आधी सॅल्यूट ठोकला, मग मला सोडलं.

अंडर सेक्रेटरींच्या टेबलावर मी सगळं मांडलं. दारात भाटिया मॅडम, त्यांच्यामागे अख्खा सेक्शन. मी थोडी प्रस्तावनाही केली. लोकसंगीत, परंपरा वगैरे. आणि बटण दाबलं.

थोडी खरखर झाली. मग कर्ण्यातून आवाज फुटला, "परेऽऽड... सावधान! परेड दाहिनेऽऽ... मुड!"

दारातल्या लोकांपैकी दोघे खरंच सावधान झाले. मी पुढं पळवलं. "तेज चल! एक दो एक!" मी बाजू बदलली. "परेऽऽड... थम!"

"ये गाना है?" अंडर सेक्रेटरींनी विचारलं.

मी साहेबांकडे वळले. ते शांतपणे म्हणाले, "उस्तादाचा कोर्स करताना घरी सराव करायला दुसरी कॅसेट नव्हती. तिच्यावरच भरलं."

"मग मला सांगायचं नाही का?"

"तुम्ही विचारलंत, कॅसेट आहे का."

भाटिया मॅडम पदर तोंडाला लावून बाहेर गेल्या. त्यांच्या हसण्याचा आवाज लिफ्टपर्यंत गेला.

आमचे अंडर सेक्रेटरी मूळ बिहारचे, थकलेले आणि मनाने बरे गृहस्थ. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "सुभेदार साहब, आप ही सुना दीजिए. दो लाइन. बात ख़त्म."

मी घाईने म्हणाले, "सर, त्याची गरज नाही." माझं तर्काचं सगळं घर कोसळत होतं आणि त्याखाली हा माणूस सापडणार होता. यांच्या तोंडून एवढ्या वर्षांत गुणगुणणंसुद्धा कुणी ऐकलं नव्हतं. आणि आज माझ्या एका इंग्रजी शब्दापायी त्यांनी दहा माणसांसमोर गायचं होतं.

"हुकूम आहे," साहेब मला म्हणाले. टाचा जुळवल्या, हात शिवणीला लावले, आणि तेच गाणं सुरू केलं, जे नवरदेव पारावर आला की वडील वाजवायचे.

काय सांगू? सिमेंटच्या फरशीवरून पत्रा ओढत न्यावा तसा तो आवाज होता. पहिली ओळ कशीबशी झाली. दुसऱ्या ओळीत सूर वर जातो. तिथं त्यांनी तोंड उघडलं, मानेची शीर फुगली, आणि काहीच आलं नाही. नुसती हवा. पण त्यांनी त्या सुराची पूर्ण वेळ तोंड उघडं ठेवलं. जितक्या मात्रांचा सूर, तितक्या मात्रा. मग खाली येऊन त्यांनी उरलेली ओळ संपवली आणि थांबले.

अंडर सेक्रेटरींनी चष्मा परत लावला. एकदम त्यांचा चेहरा खुलला. आमच्याकडे वाट सापडली की माणसाचा चेहरा असाच खुलतो.

"मॅडम, ये सिंगर तो नहीं हैं।"

"सर, पण..."

"आपका रूल किसके लिए है? कलाकार के लिए। ये कलाकार हैं?" त्यांनी साहेबांकडे पाहिलं. "सुभेदार साहब, बुरा मत मानिए।"

"नहीं साब. सही बात है."

"बस. तो रूल लगता ही नहीं। परमिशन काहे की? नोट लिखिए कि जाँच की गई, गायक नहीं पाए गए। छुट्टी मंज़ूर।"

म्हणजे माझी तीन पानं रद्द झाली होती आणि परवानगी मिळाली होती. आनंद झाला पाहिजे होता. मी जागेवर येऊन बसले आणि ती ओळ टाइप करायला घेतली, तर बोटं चालेनात. माझ्या वडिलांनी कधी कुणाला गुरू मानलं असेल तर या आवाजाला. तेच वाक्य मी चार तऱ्हांनी मऊ करून पाहिलं. 'सध्या सक्रिय गायक नाहीत.' 'व्यावसायिक अर्थाने गायक म्हणता येणार नाही.'

साहेब मागे येऊन उभे होते. "सरळ लिहा, ग्रॅज्युएट."

मी लिहिलं. 'तपासणी केली असता सदर कर्मचारी गायक नाहीत असे आढळून आले.' सही केली, फाईल वर पाठवली. दहा मिनिटांत मंजूर होऊन आली. पाच दिवस आधी कळवायची मुदत संपायला एक दुपार बाकी होती. मी पुण्याला फोन लावून कळवलं.

"आता त्याची एक प्रत काढून द्या," साहेब म्हणाले. "शिक्का मारून."

मला वाटलं, फार लागलंय. मी माफी मागायला लागले. म्हटलं, साहेब, चूक माझी, ते 'रिनाउन्ड' मी घातलं.

"अहो, तसं नाही." ते पहिल्यांदाच माझ्यासमोरच्या खुर्चीत बसले, टेकून. "मंडळाच्या गणपतीत म्हणतात, गा. सासरवाडीला म्हणतात, गा. पलटणीत दर बड्या खान्याला, म्हणजे मेजवानीला, साहेबलोक म्हणायचे, गा. मी सांगतो, गळा नाही. लोकांना वाटतं, भाव खातोय. ते सगळे त्या एकवीस वर्षांच्या पोराला मागतात हो, मला नाही. आता कागद आहे. सरकारनं तपासून दिलेला." प्रत घडी करून त्यांनी वरच्या खिशात ठेवली आणि खिशाचं बटण लावलं.

शूटिंगच्या सहाव्या दिवशी मी फरीदाबादला बघायला गेले. 'वैयक्तिक काम' असं लिहून मी एक दिवसाची रजा मागितली होती. ती चार मिनिटांत मंजूर झाली.

एका बंद पडलेल्या कारखान्याच्या कॉलनीत सेट लावला होता. साहेब धुवट बंडी घालून लोखंडी पलंगावर बसले होते. प्रसंग असा होता, मुलगा उद्या निघणार, बॅग भरून झाली आहे, आणि आई बापाला म्हणते, त्याला ते गाणं म्हणून दाखवा ना, लहानपणी म्हणायचात ते.

दिग्दर्शिका त्यांच्याशेजारी येऊन बसली. वयाने माझ्याएवढीच. हळू आवाजात म्हणाली, "काका, तुम्ही नुसते ओठ हलवा. आवाज आपण नंतर लावू. तुमची जुनी कॅसेट माझ्याकडे चांगल्या अवस्थेत आहे. तीच वापरू."

म्हणजे ते गाणं अजून जिवंत होतं, पुण्यात एका कपाटात. मी तर उठून उभीच राहिले.

साहेबांनी खिशातून कागद काढून तिच्या हातात दिला. तिने तो वाचला, परत वाचला, वर पाहिलं.

"हा बाप गायक नाही," ते म्हणाले. "होता. तो पोरगा कशाला आणता मधे? त्याला कुठं मुलगा फौजेत पाठवायचाय?"

तिने कागद घडी करून त्यांना परत दिला. मग आवाज टिपणाऱ्या माणसाला म्हणाली, "लाइव्ह घे."

समोर नटी, मुलाचं काम करणारा नट, पलंगाखाली बॅग. साहेबांनी गायला सुरुवात केली, या वेळी टाचा न जुळवता, मुलाच्या बॅगेच्या पट्ट्याशी चाळा करत. वरच्या सुराशी आवाज गेला. आवाजवाल्याने दचकून कानावरचं यंत्र चाचपलं, त्याला वाटलं वायर निघाली. साहेब तसेच, तोंड उघडं, हातात पट्टा. मात्रा पूर्ण झाल्या. ते खाली आले, ओळ संपवली, पट्टा बकलात घातला.

"कट."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. दिग्दर्शिका पडद्याकडे बघत बसली होती. साहेब उठले आणि सरळ माझ्याकडे आले. कपाळावर घाम होता. भरतीच्या रांगेत छाती मोजून घेतलेला पोरगा निकालाला उभा असावा, तसे उभे राहिले.

"खरं सांगा, ग्रॅज्युएट. कसं झालं?"

माझ्या जिभेवर दोन-तीन चांगले शब्द आले होते. त्यातला एक इंग्रजी होता.

"वाईट गायलात, साहेब," मी म्हटलं. "फार वाईट."

"पक्कं?"

"पक्कं."

त्यांचा चेहरा असा उजळला, की तसा मी पूर्वी कधी पाहिला नव्हता. ते वळले आणि अंगणाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या दिग्दर्शिकेला ऐकू जाईल अशा, मैदान ओलांडणाऱ्या आवाजात म्हणाले, "बाई, झालं. पुढचा प्रसंग घ्या."